मालकांची मोटार

आमचे मालक रिकाम्या हाताच्या माणसाला घरात खुशाल येऊ द्यायचे. हातात पिशवी असली की मात्र फाटकातच अडवायचे. हात आडवा, नजर आधी पिशवीवर, मग माणसावर, आणि एकच प्रश्न: "काय हाय?"

मी खोली बघायला गेले तेव्हा माझ्या हातात आईनं नातेपुत्याहून पाठवलेला डबा होता. लाडू आहेत, मी म्हणाले. मालकांनी डबा हातात तोलला, कानाशी नेऊन हलवला आणि मान हलवली. "लाडू असं वाजत न्हाईत. शेंगदाणे हायत." डबा उघडला तर आईनं लाडवांवर उरलेल्या जागेत भाजलेले शेंगदाणे भरलेले. मलाच माहीत नव्हतं. मालकांनी त्यातले मूठभर घेतले, "सोडा" म्हणाले, आणि खोली मला मिळाली.

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वापरत नसे. भाडेकरू मालक म्हणायचे, म्हणून गल्लीही मालक म्हणायची. उभा जन्म त्यांनी जकात नाक्यावर काढला होता. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, सांगितलेला माल आणि आतला माल एकच आहे का ते बघायचं, मग 'सोडा' म्हणायचं. पुढं जकात बंद झाली, मालकही निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या उजव्या हातापर्यंत पोचली नव्हती. भाजीवाला, गॅसवाला, लग्नपत्रिका घेऊन आलेले पाहुणे, सगळ्यांपुढं तो आडवा व्हायचा. एकदा सख्ख्या मेहुणीची पिशवी हुंगून, आंबे आणलेत पण निम्मे आंबट निघणार, असं त्यांनी फाटकातच जाहीर केलं. आंबे खाल्ल्यावर ते खरं निघालं, आणि मेहुणी त्यानंतर बरेच दिवस फिरकली नाही.

हे मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे मालकीणबाई, माहेर अक्कलकोटकडचं. नवऱ्याशी कन्नडमध्ये बोलायच्या, आमच्याशी मराठीत आणि देवाशी दोन्हींत. मालकांचं काही फार झालं की त्या स्वयंपाकघरातूनच "सुम्म कूडरी" म्हणायच्या, म्हणजे गप बसा. घरात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य तेच होतं.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका रुग्णालयात क्ष-किरणशास्त्र शिकत होते. डॉक्टर झाले होते, आता सीटी स्कॅन आणि एमआरआय वाचायला शिकत होते. मालकांनी मी नेमकं काय करते ते खोदून खोदून विचारलं आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे न उघडता आत काय हाय ते सांगायचं. आमचंच काम की." तेव्हापासून ते मला खात्यातलं माणूस समजायला लागले. माझी पिशवी फाटकात थांबायची बंद झाली. गल्लीत हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

खोलीच्या अटी थोड्या होत्या, पण त्यातली एक फार मोठी होती. मोटार लावायची नाही. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी काही लोक नळाच्या लाइनलाच विजेची मोटार जोडतात आणि शेजारच्या वाट्याचं पाणी आपल्या टाकीत ओढतात. हे बेकायदा आहे आणि गल्ल्यागल्ल्यांतून यावरनं भांडणं होतात. तेव्हा मालकांची अट काही वेडेपणाची नव्हती. वेडेपणा पुढं होता. मालकांना मोटार पाणी येण्याच्या दिवशीच ऐकू यायची असं नाही, ती रोज ऐकू यायची. सकाळी, दुपारी, जेवताना, पूजा करताना. पाणी नसताना कुणी कशाला मोटार चालवेल, असं मी एकदा विचारलंच. मालक म्हणाले, "सवय राहावी म्हणून."

ही मोटार ते कित्येक वर्षं शोधत होते. शोधायची पद्धत पक्की होती. स्टीलचा पेला भिंतीला उपडा लावायचा, त्याच्या बुडाला डावा कान लावायचा आणि डोळे मिटायचे. पेल्यातून त्यांना सूं, सूं, सूं असा आवाज यायचा. मला तोच पेला लावून काही यायचं नाही. काकूंना यायचं नाही. माझ्याआधी माडीवर बँकेतलं एक कुटुंब राहायचं, त्यांचा फ्रीज मालकांनी बंद करायला लावला होता. त्यांच्याआधी कॉलेजातले एक सर होते, त्यांच्याकडं माशांची काचेची पेटी होती आणि तीत हवा सोडायची छोटी पंपी होती. ती सापडली त्या दिवशी मालकांनी पेढे आणले. मासे गेले, सर गेले, आवाज राहिला.

मालक चिकाटीनं पुरावा गोळा करत गेले. स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करून बघितला, आवाज चालूच. म्हणजे मोटार आपल्या विजेवर नाही. एकदा सगळ्या गल्लीची लाइट गेली, तरी आवाज चालूच. दुसऱ्या कुणाचा यावर आपल्या कानावरचाच विश्वास उडाला असता. मालकांनी फक्त एवढंच ठरवलं की चोराकडं इन्व्हर्टर आहे.

गल्लीत इन्व्हर्टर होता शेजारच्या अण्णांकडं. अण्णा विणकर घराण्यातले, घरात तेलुगू बोलणारे, मागच्या शेडात टॉवेलचे यंत्रमाग चालवणारे. माग दिवसभर एवढे खडखडायचे की आमच्या कपाटावरचे पेले सरकायचे, पण त्या आवाजाबद्दल मालकांची कधी तक्रार नव्हती. "मागाचा आवाज म्हंजे धंदा," ते म्हणायचे, "मोटारीचा आवाज म्हंजे चोरी." उलट माग चालू असले की मालक खुशीत असायचे आणि मागाला सुट्टी असली की अस्वस्थ व्हायचे. यात काही अर्थ आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

अण्णांकडं एक मोटार होतीही. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला ती लागते, लाइनला मी ती कधी जोडत नाही, असं ते शपथेवर सांगायचे. मालक शपथेवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून चौकशी चालायची. शेवटी अण्णा वैतागले. एका सकाळी त्यांनी मोटार बोल्ट काढून सुटी केली, दोन्ही हातांत उचलून आणली आणि मालकांच्या ओट्यावर ठेवली. म्हणाले, "ठेवून घ्या ओ मालक. आता तरी झोपा आणि आम्हाला झोपू द्या."

मालकांनी ती फडक्यानं पुसून आपल्या खाटेखाली ठेवली. जप्त केलेला माल नीट राहिला पाहिजे, हा त्यांचा नियम होता. अण्णांच्या घरचे बिचारे बादल्यांनी पाणी चढवायला लागले. आणि दुपारी जेवून मालक त्या मोटारीच्या वर, खाटेवर आडवे झाले, तेव्हा त्यांना पुन्हा सूं, सूं ऐकू यायला लागलं.

यावर आम्ही माडीवर तोंडात पदर, ओढणी, जे हाताला लागेल ते कोंबून हसलो. आम्ही म्हणजे मी आणि काकू. पण हसता हसता काकू एकदम थांबल्या. त्यांनी मला सांगितलं की यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून झालंय, कान साफ आहे. डोक्याचा साधा सीटी स्कॅनही झालाय, त्यातही काही नाही. बंगळूरचा मुलगा म्हणतोय की बाबांचं आता वय झालं, डोकं भरकटायला लागलंय, घर विकून टाका आणि दोघं इकडं या. आणि काकू जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. "हे येडे झालेत असं मी कुणाला म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण मनात म्हणते."

अण्णांची मोटार ताब्यात असूनही आवाज येतोय, म्हणजे अण्णा सुटले. मग उरलं कोण? मालकांनी वर बघितलं. वर मी होते.

उन्हाळ्यातली दुपार होती, त्यात मागाला सुट्टी. सोलापुरातली अशी दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी नुकतीच रुग्णालयातून येऊन पंख्याखाली बसले होते. मालक पेला घेऊन जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. खात्यातल्याच माणसावर संशय घ्यावा लागतोय याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "बाई," ते म्हणाले, "तुमी सांगा, मग मी उघडतो."

मी म्हणाले, सगळं उघडून बघा. त्यांनी कपाट बघितलं, खाटेखाली बघितलं, मोरी बघितली. काही मिळालं नाही. मला राग यायच्याऐवजी चेष्टा सुचली. मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि म्हणाले, मालक, पेला जुना झाला, हे घ्या, यातून सरकारी आवाज येतो. मी स्वतः त्यांच्या कानांत त्याच्या नळ्या अडकवल्या. भिंत कुठली तपासायची म्हणून गोल चकती हातात घेऊन मी इकडंतिकडं बघत होते, तेवढ्यात मालकांचे डोळे मोठे झाले.

"आली," ते म्हणाले. "लई मोठ्यानं आली."

चकती माझ्या हातात होती. ती भिंतीला लागली नव्हती, जमिनीला नाही, कशालाच नाही. नुसती हवेत लोंबत होती.

कान बंद केले की बाहेरचा आवाज कमी होतो. यांचा वाढला होता. म्हणजे आवाज बाहेर नव्हताच. मी मालकांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, मोटार जशी वाजते तसं बोटानं गुडघ्यावर वाजवून दाखवा. ते वाजवायला लागले. मी त्यांचं दुसरं मनगट धरलं. गुडघ्यावरचं बोट आणि मनगटातली नाडी एकदम पडत होती, एकही ठोका चुकत नव्हता.

मग मी स्टेथोस्कोप माझ्या कानांत घातला आणि चकती त्यांच्या डाव्या कानाच्या मागं, हाडावर ठेवली.

सूं. सूं. सूं.

अशा रोगाबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, ऐकला कधी नव्हता. मला आधी आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटली. बोटानं मी कानामागची नाडी चाचपली आणि जोरात दाबून धरली. मालक एकदम ताठ झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "बंद झाली." मी बोट काढलं. "चालू झाली." पुन्हा दाबलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांच्या घराचा मेन स्विच इतकी वर्षं माझ्याकडं होता.

"मालक," मी म्हणाले, "मोटार आहे. ती तुमच्या डोक्यात आहे."

डोक्यात आहे, हे त्यांना आजवर पुष्कळांनी सांगितलं होतं, पण वेगळ्या अर्थानं. त्यांना वाटलं मीही त्यातलीच. मग मी समजावून सांगितलं की ती खरोखर वाजते आहे, मला ऐकू आली आहे. त्यांना घाबरायला हवं होतं. ते नाही घाबरले. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कुनाला ऐकू येईल का?"

काकूंना वर बोलावलं. त्यांच्या कानांत नळ्या घातल्या. त्यांनी थोडं ऐकलं, पदरानं कान पुसून पुन्हा ऐकलं. "ऐत्री," त्या म्हणाल्या. आहे हो. आणि खाली फरशीवर बसून रडायला लागल्या. मालकांना कळेना काय झालं, त्यांना वाटलं आवाज वाईट आहे म्हणून रडते. मला माहीत होतं त्या कशाला रडतात. इतके दिवस मनातल्या मनात ज्याला त्या वेडा म्हणत होत्या तो माणूस खरं बोलत होता.

संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली येऊन मालकांचं डोकं ऐकून गेली. मालक ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मान उजवीकडं कलती, आणि प्रत्येकाला आपल्या हातानं चकती लावून देत होते. अण्णा आले, त्यांनी ऐकलं आणि मागच्या शेडातल्या यंत्रमागांची माहिती असलेल्या माणसाच्या गांभीर्यानं म्हणाले, "मोटारच आहे ओ." मालकांचा चेहरा असा उजळला होता की पेढ्यांच्या दिवशीही तसा नसेल.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगितलं. मॅडम कमी बोलायच्या. साध्या सीटीत हे दिसत नाही, एवढं म्हणाल्या आणि एमआरआयची वेळ दिली, रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या तपासणीसकट.

एमआरआयच्या दारात अडचण झाली. आत धातू चालत नाही. मालकांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग होतं, दीक्षा झाल्यापासून अंगावरून उतरलेलं नाही असं. लोकांच्या पिशव्या उघडायला लावणारा माणूस आपल्या गळ्यातल्या डबीवर मूठ घट्ट धरून उभा राहिला. मॅडमनी त्यांना काही सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही, नुसत्या वाट बघत थांबल्या. शेवटी काकू पुढं झाल्या आणि ओंजळ धरली. मालकांनी डबी उतरवून त्यांच्या ओंजळीत ठेवली. तपासणी होईपर्यंत काकू बाहेरच्या बाकावर ओंजळ तशीच छातीशी धरून बसल्या होत्या. कुणीतरी चहा आणला, तर तो घ्यायला त्यांना हात नव्हता, मी त्यांना चहा पाजला.

आत मशिनीचा ठकठकाट चालू होता. बाहेर आल्यावर मालक म्हणाले, लई चांगली जागा हाय, आपली मोटार अजिबात ऐकू येत न्हाय.

चित्रं पडद्यावर आली. या तपासणीत धमन्यांमधलं जोरात वाहणारं रक्त पांढरं दिसतं, आणि मेंदूतून परत निघालेलं संथ रक्त वाहणाऱ्या शिरा काळ्या राहतात. मालकांच्या डाव्या कानामागची मोठी शीर जिथं काळी असायला हवी होती, तिथं पांढरा पट्टा होता, आणि त्याच्या भोवती पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी. मॅडमनी पेन्सिलीचं टोक तिथं टेकवलं. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, रक्ताचा जोर तिथं मोडतो. इथं ते जाळं टाळून धमनी थेट शिरेत घुसली होती. तो जोराचा झोत म्हणजे आवाज. मॅडमनी पेन्सिल थोडी वर सरकवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. काही रक्त उलटं, मेंदूच्या बारीक शिरांमध्ये शिरत असावं अशी शंका होती. तसं असेल तर त्या शिरा कधीतरी फुटतात. नक्की सांगायला धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करावी लागणार होती.

हे मालकांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी जेवढं हळुवार सांगता येईल तेवढं सांगितलं. मांडीतून बारीक नळी घालायची, ती मानेपर्यंत न्यायची, औषध सोडायचं, चित्रं घ्यायची. सापडलं तर पुढं तसंच आतून जाऊन ते बुजवायचं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नको.

मला वाटलं भीतीनं म्हणतात. भीती असेलही, पण त्यांनी सांगितलं ते निराळं होतं. "मोटार हाय का न्हाय, एवढंच मला पायजे हुतं. हाय म्हनून ठरलं. आता ती हितं वाजंना का." इतकी वर्षं त्यांना आवाजाचा त्रास नव्हता, आपल्याला कुणी खरं मानत नाही याचा होता. तो संपला होता. आता ते दिवसभर ओट्यावर बसून कानामागं बोट दाबायचे, काढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "ही बंद. ही चालू." मुलानं बंगळूरहून फोनवर फोन केले. मॅडमनी एकदा स्वतः समजावलं. मालक सगळ्यांना चहा पाजून परत पाठवत होते, आणि मी वरच्या खोलीत त्या शिरांचा विचार करत होते. रोज कामावर जाताना ओट्यावर ते दिसले की मला सुटल्यासारखं वाटायचं.

मग एका सकाळी अण्णा भिंतीपलीकडून आले आणि म्हणाले, माझी मोटार परत द्या. मी निर्दोष ठरलो, साऱ्या गल्लीनं ऐकलंय. मालकांची पंचाईत झाली. माल परत करायचा तर चौकशी पूर्ण झाली पाहिजे, हा त्यांचा नियम. आणि चौकशी तर अर्धवट होती, मॅडमनी 'शंका आहे' एवढंच म्हटलं होतं. मालक म्हणाले, निकाल लागल्याशिवाय माल सुटत न्हाय. अण्णा म्हणाले, "मग लावा की निकाल. तोवर आमच्या म्हातारीनं बादल्या वाहायच्या का?"

स्वयंपाकघराच्या दारात काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांची मान जरा जास्तच खाली होती. ही युक्ती कुणाची ते मी ओळखलं. दुपारी मालक माझ्याकडं आले आणि म्हणाले, ती नळी कवा घालायची ते विचारा.

नळी घालणारे डॉक्टर पुण्याहून ठरलेल्या दिवशी यायचे, तरुण होते. मॅडमच्या ओळखीमुळं मला आत उभं राहता आलं. मालक जागे होते, फक्त मांडीजवळची जागा बधिर केली होती. औषध सोडलं की डोक्यात गरम वाटायचं, तेव्हा ते पाय न हलवता "आला, आला" म्हणायचे. चित्र काढून झाल्यावर त्यांनी हट्ट धरला की मलाही दाखवा. डॉक्टरांनी पडदा त्यांच्या बाजूला वळवला.

या तपासणीत उलट औषध मिसळलेलं रक्त काळं दिसतं. काळी धार मानेतून वर चढली, फांद्या फुटल्या. शिरा अजून दिसायच्या नव्हत्या, त्यांची वेळ पुढं होती. पण डाव्या कानामागं, धमनी भरते न भरते तोच, शीर भरून काळी झाली. तिथून एक वाकडी रेघ उलटी मेंदूकडं गेली. मॅडमची शंका खरी होती. मालक पडद्याकडं टक लावून बघत होते.

"पुन्हा लावा," ते म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा लावलं. "हे मधलं जाळं म्हंजे नाका. बाकी समदा माल नाक्यावरनं जातोय, थांबत थांबत. आनि हा हितनं शेतातनं घुसला." डॉक्टर कधी जकात नाक्यावर थांबले असतील असं वाटत नव्हतं. ते माझ्याकडं बघायला लागले. मी मान डोलावली. ते म्हणाले, बरोबर आहे काका, आणि तो काही माल उलटा घरात घुसवतोय. मालकांचा चेहरा त्या वेळी पहिल्यांदा उतरला. माल चोरून पुढं नेणं त्यांना समजत होतं. तो उलटा परत येणं हे त्यांच्या साऱ्या नोकरीत झालेलं नव्हतं. "बुजवून टाका," ते म्हणाले.

ते काही दिवसांनी झालं, या वेळी पूर्ण भूल देऊन. मुलगा आला होता, तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. अण्णा माग बंद ठेवून आले होते आणि बाकावर बसून होते. आतल्या आत बारीक नळीतून एक घट्ट होणारं औषध सोडून ते भोक बुजवायचं होतं. औषध चुकून भलतीकडं गेलं तर अर्धांगवायू होऊ शकतो, हे मला माहीत होतं, त्यांना सांगितलेलंही होतं, आणि आम्ही कुणीच ते पुन्हा उच्चारत नव्हतो. डॉक्टर बाहेर आले ते मास्क खाली ओढूनच, आणि मुलाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. शेवटच्या चित्रात शीर आपल्या वेळेला भरत होती.

मालक शुद्धीवर आल्यावर काकूंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कन्नडमध्ये विचारलं, येतोय का? मालकांनी डोळे मिटून बराच वेळ शोध घेतला. मग हात उचलून, पालथा करून, नाही म्हणून हलवला. हात उचलला हेच आम्हाला पुरेसं होतं.

घरी आल्यावर त्यांनी अण्णांची मोटार पुसून, तेल देऊन, ओट्यावर ठेवून परत केली. बँकवाल्या कुटुंबाकडं आणि कॉलेजातल्या सरांकडं ते अँजिओग्राफीचं चित्र घेऊन स्वतः गेले. मला वाटलं माफी मागायला गेले असतील. नंतर बँकेतल्या वहिनी भेटल्या, त्यांनी सांगितलं, माफीबिफी काही नाही, येऊन म्हणाले, मोटार होतीच, फक्त जागा चुकली होती. वहिनींनी त्यांना जेवायला घालून पाठवलं. घर विकायचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

मी सोलापूर सोडायच्या आधीची गोष्ट. पाणी यायचा दिवस होता. मी मालकांशी ओट्यावर बोलत बसले होते, काकू अंगणातल्या नळाखाली हंडा लावून उभ्या होत्या. बघता बघता नळाची धार बारीक झाली, करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी. आणि भिंतीपलीकडून घर्रर्र असा आवाज यायला लागला. तो मला ऐकू आला. काकूंनाही आला, त्यांनी हंड्यावरून मान वर केली. मालक उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी हाक मारली, "अण्णा."

आवाज खाडकन थांबला. भिंतीवर अण्णांचं डोकं आलं, हात ओले होते. त्यांनी एकदा मालकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मोठ्या काळजीच्या सुरात विचारलं, "काय ओ मालक, परत ऐकू यायला लागलं का?"

मालकांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग त्यांना हसू फुटलं. त्यांना हसताना मी तोवर बघितलंच नव्हतं. पोट धरून, भिंतीला टेकून ते हसत होते. अण्णांनी थोडा वेळ वाट बघितली, मग त्यांनाही राहवेना. काकूंनी "सुम्म कूडरी" म्हणून बघितलं, पण त्यांच्याच हातातला हंडा हसण्यानं हिंदकळत होता.

डोकं भिंतीआड गेलं. थोड्या वेळानं मोटार पुन्हा सुरू झाली, पण बेतानं, आमच्या नळाची धार तुटणार नाही एवढीच. मालक खुर्चीत येऊन बसले आणि डोळे मिटून ती ऐकत राहिले. मग काकूंकडं बघून म्हणाले, "आपली बरी वाजायची."